कॅमेऱ्याच्या आधी बायबल: पॉलिनेशियाचे जुने फोटो कसे पाहावेत

पॉलिनेशियाचे जुने फोटो बघायला बसलं की दोन तऱ्हेची चित्रं हटकून समोर येतात. एकात चुन्याने पांढरंशुभ्र केलेलं चर्च, त्यापुढे रांगेत बसलेली माणसं, बायकांच्या अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरे झगे आणि मधोमध खुर्चीवर गोरा मिशनरी. दुसऱ्यात उघड्या अंगाची तरुणी, गळ्यात माळ, मागे नक्षीचं कापड आणि खाली छापलेली ओळ: 'सामोअन सुंदरी'. आपण मनातल्या मनात दोन्ही फोटो एका ओळीत लावून मोकळे होतो. हा मिशनरी येण्याआधीचा, तो आल्यानंतरचा.

हा क्रम साफ चुकीचा आहे. दोन्ही फोटो बहुतेक वेळा एकाच दशकातले, एकाच बंदरातले असतात. त्या 'सुंदरी'चे आजी-आजोबाच ख्रिस्ती झालेले असण्याची शक्यता मोठी, आणि ती स्वतः रविवारी चर्चला जाणारी. हे एकदा लक्षात आलं की हे सगळे फोटो वेगळेच दिसू लागतात. म्हणून आधी तारखा बघू.

पॉलिनेशिया म्हणजे प्रशांत महासागरातला एक प्रचंड त्रिकोण. उत्तरेला हवाई, नैर्ऋत्येला न्यूझीलंड, आग्नेयेला रापा नुई, म्हणजे आपण ज्याला ईस्टर बेट म्हणतो ते. मध्ये ताहिती, सामोआ, टोंगा, कुक बेटं, तुवालू. लंडन मिशनरी सोसायटीचं 'डफ' नावाचं जहाज ताहितीला पोचलं १७९७ साली. तिथला राजा दुसरा पोमारे याने १८१९ साली बाप्तिस्मा घेतला. कुक बेटांतल्या रारोटोंगावर हा धर्म १८२३ साली गेला, सामोआत त्याच सोसायटीचा मिशनरी जॉन विल्यम्स १८३० साली उतरला, टोंगात ताउफाआहाऊ या सरदाराने १८३१ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तोच पहिला जॉर्ज तुपोऊ या नावाने राजा झाला. ताहिती भाषेतलं संपूर्ण बायबल १८३८ साली छापून तयार होतं, हवाईयन भाषेतलं १८३९ साली.

आणि फोटो काढण्याची पद्धत पॅरिसमध्ये जगासमोर मांडली गेली तीही १८३९ सालीच. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जॉन विल्यम्स आजच्या वनुआतूमधल्या एरोमांगा बेटावर मारला गेला. ताहितीचे सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे फोटो गुस्ताव्ह व्हिओ या फ्रेंच नौदलाच्या डॉक्टरने काढले, १८५९च्या सुमारास. तोवर ताहिती ख्रिस्ती होऊन चाळीस वर्षं उलटली होती. सामोआतले आज सर्वाधिक फिरणारे फोटो १८८० ते १९१० या काळातले, म्हणजे विल्यम्सच्या आगमनानंतर पन्नास ते ऐंशी वर्षांनंतरचे.

मार्केसास बेटं किंवा रापा नुई यांसारखे अपवाद आहेत, तिथे धर्मांतर उशिरा झालं. पण ताहिती, टोंगा, सामोआ यांचा 'ख्रिस्तपूर्व' फोटो अस्तित्वातच नाही. असूच शकत नाही.

काच, चांदी आणि तपकिरी कातडी

आता कॅमेऱ्याकडे वळू, कारण फोटोत काय दिसतं यातला बराच भाग रसायनांनी ठरवलेला असतो. १८५१पासून साधारण तीस वर्षं ओल्या काचेची पद्धत चालली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतला की लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. उष्ण कटिबंधात कलोडियनमधला ईथर भराभर उडून जाई आणि काच वेळेआधीच वाळे. प्रवाळाच्या सपाट बेटांवर नद्या-ओढे नाहीत, तेव्हा धुण्यापुरतं स्वच्छ पाणी मिळवणं हेही मोठं काम. म्हणून त्या काळातले फोटो मोठ्या बंदरांभोवतीच घुटमळतात आणि त्यांत हलणारं काहीच नसतं. नाच नाही, पोहणं नाही, होडीतली धांदल नाही. मुलंही मान ताठ धरून बसलेली. त्यावरून 'किती गंभीर लोक' असा निष्कर्ष कुणी काढू नये. १८८०च्या आसपास तयार कोरड्या काचा विकत मिळू लागल्या आणि बेटांवरच्या फोटोंची संख्या एकदम वाढली, ती यामुळेच.

याहून महत्त्वाची गोष्ट रंगाची. ती जुनी रसायनं निळ्या प्रकाशाला फार हळवी होती आणि लाल-तपकिरी रंगांना जवळजवळ आंधळी. परिणाम असा की निळं आकाश कोरं पांढरं उमटे आणि तपकिरी कातडी प्रत्यक्षापेक्षा खूपच काळी. त्यात समोर चुन्याने उजळलेलं चर्च आणि पांढरे झगे. फोटोग्राफरने पांढऱ्याचा अंदाज धरून काच उघडली की चेहरे अंधारात बुडत, चेहऱ्यांसाठी जास्त वेळ उघडली की चर्च नुसतं फटफटीत दिसे. 'काळोखातून उजेडाकडे' ही मिशनची आवडती भाषा. काचेवर काळ्या-पांढऱ्याचा तो विरोध आपोआप उमटत होता आणि युरोपात बसून बघणाऱ्याला तोच खरा वाटत होता.

न्यूझीलंडच्या माओरींच्या बाबतीत तर याहून विलक्षण प्रकार झाला. माओरी हेही पॉलिनेशियनच. त्यांच्या चेहऱ्यावरच्या गोंदणाला 'मोको' म्हणतात. ते निळसर काळं असतं आणि त्यात त्या माणसाचं कूळ, त्याचा मान हे सगळं असतं. निळ्याला हळव्या असलेल्या ओल्या काचेवर या रेषा फिक्या उमटत, कधीकधी जवळपास नाहीशाच होत. आयुष्यभर मोको मिरवणारा माणूस फोटोत कोऱ्या चेहऱ्याचा दिसे. मग काही स्टुडिओवाले त्या रेषा ब्रशने पुन्हा काढत, आपल्या अंदाजाने. अलीकडे मायकल ब्रॅडली या न्यूझीलंडच्या फोटोग्राफरने मोको असलेल्या माणसांचे फोटो एकदा ओल्या काचेवर आणि एकदा डिजिटल कॅमेऱ्याने काढून शेजारी शेजारी मांडले. एकाच माणसाचे दोन चेहरे. जुना फोटो म्हणजे आरसा, हा आपला समज मोडायला ती एक जोडी पुरेशी आहे.

फोटोचे पैसे कोण देत होतं

मिशनरी फोटो काढत किंवा काढवून घेत ते मुख्यतः मायदेशी दाखवण्यासाठी. जॉर्ज ब्राऊन हा मेथडिस्ट मिशनरी १८६०पासून चौदा वर्षं सामोआत होता, पुढे आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटाकडे गेला. त्याच्या काचांचा मोठा संग्रह आज सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये आहे. असे फोटो मासिकांत छापले जात आणि काचेच्या पट्ट्यांवर उतरवून जादूच्या कंदिलाने पडद्यावर मोठे करून दाखवले जात. इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या चर्चच्या सभागृहात संध्याकाळी लोक जमत, चित्रं बघत आणि शेवटी वर्गणीची थाळी फिरे.

ही थाळी किरकोळ नव्हती. जॉन विल्यम्सच्या नावाने १८४४ साली समुद्रात उतरलेलं मिशनचं जहाज ब्रिटनमधल्या मुलांनी जमवलेल्या पैशांतून घेतलेलं होतं. ते १८६४ साली पुकापुका बेटाजवळ फुटलं. दुसरं घेतलं, ते १८६७च्या आरंभी नियुएजवळ फुटलं. मग तिसरं घेतलं. इतकी माया आणि इतका पैसा मुलांकडून मिळवायचा तर त्यांना त्या बेटांवर काय बदललं ते दिसायला हवं. म्हणून शाळेची रांग, शिवणाचा वर्ग, नवं चर्च, पांढरे कपडे. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. लोक खरोखर तसे कपडे घालून चर्चला जात. पण लग्नाच्या अल्बमवरून त्या घरातला मंगळवार कसा असतो ते सांगता येत नाही, तसंच हे.

आपल्यालाही हे अगदी परकं नाही. हवाईला १८२० साली 'थॅडियस' जहाजातून मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड तेच, ज्याची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली होती. पुढे त्यांचं अमेरिकन मराठी मिशन झालं, अहमदनगरला त्यांचं मोठं ठाणं उभं राहिलं आणि १८४२ साली तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. होनोलुलू आणि अहमदनगर इथला पत्रव्यवहार बॉस्टनमधल्या एकाच कार्यालयात जात होता.

आता त्या पांढऱ्या झग्याचं बघू. फोटो बघून वाटतं, मिशनऱ्यांनी तो बळजबरीने अंगावर चढवला. काही ठिकाणी दडपण होतंच, नियम होते, दंड होते. पण हवाईची नोंद वेगळं सांगते. 'थॅडियस' अजून किनाऱ्याशीच होतं तेव्हा कालाकुआ ही राजघराण्यातली बाई पांढरं कापड घेऊन जहाजावर आली आणि मिशनऱ्यांच्या बायका घालतात तसा पोशाख मला शिवून द्या म्हणाली. डेकवरच शिवण सुरू झालं. त्यातून हवाईचा 'होलोकू' हा झगा आला. यामागे बेटांची स्वतःची रीत होती. तुतीच्या जातीच्या झाडाची साल कुटून केलेलं तापा कापड जितकं जास्त गुंडाळलेलं तितका मान मोठा. ताहितीत राजासमोर कमरेपर्यंत अंग उघडं करणं ही आदराची खूण होती. झाकणं आणि उघडणं या दोन्हींना अर्थ होता. भरपूर कापडाचा नवा झगा प्रतिष्ठेच्या जुन्या समजुतीत चपखल बसला.

चर्चपुढचा समूहफोटो मोठा करून बघा, मध्यभागी बसलेल्या मिशनऱ्यावरून नजर काढून कडेकडेने फिरवा. पुरुषांच्या अंगात वर कोट आणि खाली लावालावा, म्हणजे कमरेला गुंडाळलेलं वस्त्र. बायकांच्या डोक्यावर युरोपियन घाटाची हॅट, पण विणलेली केवड्याच्या जातीच्या पानांची. पाय बहुतेकांचे अनवाणी. बसायला चटया, आणि त्या चटयांमध्येही कमी-जास्त मानाच्या. सरदार कुठे बसला आहे, त्याच्या शेजारी कोण, हे मिशनरीने ठरवलेलं नसतं. मागे चर्च प्रवाळाचं. होनोलुलूचं कावाइआहाओ चर्च असंच उभं राहिलं: समुद्राच्या तळातून हाताने कापून आणलेले प्रवाळाचे सुमारे १४,००० ठोकळे, १८४२ साली पूर्ण. पाण्यात बुड्या मारून ते ठोकळे कापणारे हात हवाईयन लोकांचे होते.

स्टुडिओतली 'आदिवासी'

मिशनच्या फोटोला एक ग्राहक होता, तसा दुसऱ्या फोटोला दुसरा. सामोआच्या आपिया बंदरात १८८०-९०च्या दशकांत जॉन डेव्हिस, आल्फ्रेड टॅटरसॉल आणि थॉमस अँड्र्यू हे तिघे फोटोग्राफर धंदा करत होते. गिऱ्हाईक म्हणजे खलाशी, मळेवाले, सरकारी अधिकारी, पुढे पोस्टकार्ड घेणारे प्रवासी. त्यांना चर्चला जाणाऱ्या बाईचा फोटो विकत नको होता. तशी बाई तर घरीही होती.

म्हणून स्टुडिओत 'सियापो' हे सामोआचं सालीचं कापड पडद्यासारखं टांगलं जाई, खाली चटई, हातात पंखा किंवा सोटा. सामोआत 'तुइगा' नावाचा उंच शिरपेच असतो, केसांचा आणि शिंपल्यांचा. तो सरदाराच्या लेकीचा, गावाच्या वतीने विधी आणि नाच करताना घालायचा. स्टुडिओत तो सामानाचा भाग झाला. तुम्ही वीस-तीस फोटो ओळीने बघितलेत तर तोच पडदा, तीच माळ वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर भेटू लागते. हा शोध घेण्यासारखा आहे, कारण त्यातून 'रोजचं जीवन' आणि 'मांडणी' वेगळी करता येते.

अशा फोटोंनी मोठमोठ्या कलावंतांनाही फसवलं, किंवा त्यांनी फसायचं ठरवलं. पॉल गोगाँ १८९१ साली ताहितीला गेला तो आदिम जीवन शोधायला, आणि त्याला भेटलं चर्च, लांब झगे आणि फ्रेंच कचेऱ्या. त्याचं १८९३चं 'पापे मोए' हे चित्र घ्या: रानात झऱ्याचं पाणी वाकून पिणारी व्यक्ती. पुढे आपल्या लेखनात त्याने हा प्रसंग स्वतः रानात पाहिल्यासारखा सांगितला. प्रत्यक्षात ते चित्र पापीतेतला फोटोग्राफर शार्ल स्पिट्झ याच्या फोटोवरून काढलेलं आहे. पॅरिसला 'आदिम' म्हणून जे पोचलं ते विक्रीच्या फोटोवरून आलेलं होतं.

मला या दोन बाजारांत फारसा फरक वाटत नाही. एकाला बदललेली माणसं हवी होती, दुसऱ्याला न बदललेली. समोर बसलेल्या बाईचं नाव दोघांनाही लागत नव्हतं.

चौकटीत न मावलेले लोक

या फोटोंमुळे आणखी एक गैरसमज पक्का झाला: गोऱ्या मिशनऱ्याने धर्म आणला, बेटवाल्यांनी घेतला. पॉलिनेशियात ख्रिस्ती धर्म पसरवण्याचं मोठं काम पॉलिनेशियनांनीच केलं. रारोटोंगावर पहिला प्रचारक म्हणून राहिला तो रायातेआ बेटावरचा पापेइहा. एलेकाना हा मानिहिकी बेटावरचा माणूस १८६१ साली शेजारच्या बेटाहून होडीने परतताना वादळात सापडला, सुमारे आठ आठवडे वाहत जाऊन तुवालूच्या नुकुलाएलाए बेटाला लागला आणि तिथे शिकवू लागला. तुवालूच्या चर्चची सुरुवात ही अशी. रारोटोंगाच्या ताकामोआ आणि सामोआच्या मालुआ इथल्या विद्यालयांतून शिकलेली जोडपी पुढे पापुआला गेली, आणि मलेरियाने त्यांतली कितीतरी तिथेच मेली. मांगाया बेटावरचा रुआतोका १८७३पासून १९०३ साली मरेपर्यंत पोर्ट मोर्स्बीत राहिला. समूहफोटोंत अशी माणसं कडेला उभी दिसतात, खाली ओळ 'स्थानिक शिक्षक'.

आणि काही लोक फोटोत नाहीत कारण ते मेले किंवा पळवून नेले गेले. १८६२-६३ साली पेरूची जहाजं मजूर म्हणून बेटांवरची माणसं उचलून नेत होती. नुकुलाएलाएची बहुतेक वस्ती त्यात गेली. रापा नुईवरून शेकडो माणसं नेली, जी थोडी परतली त्यांनी देवीची साथ आणली, आणि १८७७ साली त्या बेटावर १११ माणसं उरली होती. त्यानंतरच्या फोटोंत भव्य मोआई पुतळ्यांपुढे चार-पाच माणसं उभी दिसतात आणि बघणारा विचारतो, एवढ्याशा लोकांनी हे कसं उभारलं? त्या रिकामेपणाचं कारण फोटोच्या तारखेच्या जेमतेम पंधरा-वीस वर्षं मागे आहे.

हवाईत मोलोकाई बेटावरच्या कालाउपापा इथे कुष्ठरुग्णांना सक्तीने नेऊन ठेवत. बेल्जियन पाद्री दामियाँ तिथे १८७३ साली गेला, त्यालाही तो रोग झाला आणि १८८९ साली तो गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांतले फोटो, विरूप झालेला चेहरा आणि गोल काचांचा चष्मा, जगभर पोचले. त्याचा त्याग खराच होता, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण त्या वसाहतीत काळाच्या ओघात सुमारे ८,००० माणसं नेली गेली, बहुतेक हवाईयन, आणि त्यांतले किती चेहरे आपण ओळखतो?

सामोआचं दुखणं नंतरचं. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून 'तालुने' ही बोट इन्फ्लुएन्झा घेऊन आपियाला लागली. न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाने तिला अडवलं नाही. काही आठवड्यांत पश्चिम सामोआतली सुमारे ८,५०० माणसं मेली, म्हणजे पाचात एकाहून जास्त. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं आणि तिथे या साथीने कुणीच मेलं नाही. १९१०च्या आसपासचा मिशनशाळेचा एखादा फोटो बघताना हे आकडे माहीत असले की त्या रांगेतल्या मुलांकडे नुसतं 'गोड' म्हणून बघवत नाही.

त्या संतापातून पुढे 'माऊ' चळवळ उभी राहिली. अहिंसक, स्वराज्य मागणारी. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियात माऊच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात चळवळीचा नेता तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरा आणि इतर अनेक जण गेले. पुरुषांची धरपकड झाली तेव्हा बायकांनी माऊ चालू ठेवली. या चळवळीचे फोटो काढले ते त्याच टॅटरसॉलने, जो कित्येक दशकं आपियात स्टुडिओ चालवत होता. आता समोरचे लोक स्वतःच्या मर्जीने रांग लावून बसले होते: गर्द निळा लावालावा, त्यावर पांढरा पट्टा, सगळ्यांचा एकसारखा. मांडणी चर्चपुढच्या समूहफोटोचीच, हात तसेच मांडीवर, नजर तशीच सरळ कॅमेऱ्यात. फक्त मधली खुर्ची मिशनऱ्याची राहिली नव्हती. हे लोक चर्चला जाणारे होते आणि साम्राज्याविरुद्ध उभे होते. त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. १९६२ साली सामोआ स्वतंत्र झाला तेव्हा राष्ट्राच्या बोधवाक्यात देवाचं नाव आलं, ते त्यांनी स्वतः निवडलं म्हणून.

हे फोटो आज घरबसल्या बघता येतात. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयाने थॉमस अँड्र्यूचे शेकडो फोटो मोठ्या आकारात खुले केले आहेत. लंडन मिशनरी सोसायटीचं दफ्तर लंडनच्या सोआस विद्यापीठात आहे, आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने जगभरच्या मिशन फोटोंचा एक वेगळा डिजिटल संग्रह उभा केला आहे. होनोलुलूचं बिशप म्युझियम हवाईसाठी. बघताना आधी तारीख बघा, मग फोटोग्राफर कोण आणि त्याचं गिऱ्हाईक कोण, मग कडेची माणसं. मथळ्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवा, तो बहुतेकदा विकणाऱ्याने घातलेला असतो. फोटो खुले झाल्यापासून बेटांवरची आणि ऑकलंडसारख्या शहरांत स्थायिक झालेली कुटुंबं ते उघडून पाहू शकतात, आणि ज्या फोटोच्या पाठीवर शंभर वर्षं 'स्थानिक स्त्री' एवढंच लिहिलेलं होतं तिथे एखाद्या आजीचं नाव, तिचं गाव आणि तिच्या वडिलांची पदवी लिहिली जाऊ शकते.